विधानभवन, महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र): कोणाच्या हातात काय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात आलं, किंवा निवडणूक लागली, की आमच्याकडे तेच ते प्रश्न येतात. फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी बर्डीवर चहाच्या टपरीसमोर उभ्याउभ्या. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत, शिव्या तेवढ्या गाळल्या. घाईत असाल तर ४, ६ आणि ९ आधी वाचा. निम्मे फोन त्यावरच येतात.

१. भाऊ, मोठं कोण? विधानसभा की महापालिका?

कायदा कोण करतं एवढंच पाहिलं तर विधिमंडळ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पाचवी नोंद 'स्थानिक शासन' अशी आहे. महापालिका असो, जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, तिला अधिकार देणारा आणि काढून घेणारा कायदा राज्याचाच असतो.

७३ वी घटनादुरुस्ती (गावांसाठी) २४ एप्रिल १९९३ ला आणि ७४ वी (शहरांसाठी) १ जून १९९३ ला लागू झाली. त्यानंतर काही गोष्टी राज्याच्या मर्जीवर राहिल्या नाहीत: पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोगामार्फत निवडणूक, आरक्षण, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग. अधिकारांचं मात्र वेगळं आहे. अनुच्छेद २४३-डब्ल्यू म्हणतो की विधिमंडळ कायद्यानं महापालिकेला अधिकार 'देऊ शकेल'. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिलेत, अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९. ते पूर्ण द्यायचे, अर्धे द्यायचे की नावापुरते, हे त्या 'शकेल'मुळे राज्याच्या हातात राहिलं. पुढच्या बहुतेक उत्तरांची मुळं इथं सापडतील.

२. नागपूर महापालिका कोणत्या कायद्यानं चालते?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. आधी नागपूरचा स्वतःचा कायदा होता: सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन ॲक्ट, १९४८, आपण मध्य प्रांतात होतो तेव्हाचा. २०१२ मध्ये तो रद्द झाला आणि नागपूर बाकीच्या शहरांच्या कायद्याखाली आलं. मुंबईला मात्र १८८८ चा वेगळा कायदा अजून आहे. हा फरक प्रश्न ८ मध्ये कामी येईल. जुन्या कागदावर १९४८ च्या कायद्याचं कलम लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, आजचं कलम शोधा.

३. गल्लीतली गडर लाइन चोक झाली. आमदाराकडे जाऊ की नगरसेवकाकडे?

आधी झोन कार्यालयात. शहरात दहा झोन आहेत. तिथं तक्रार करा, क्रमांक घ्या, मग नगरसेवकाला गाठा. नाली, कचरा, पथदिवा, पाणी ही महापालिकेची कामं. आमदाराचं काम कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं. पण आमदार निधीतून तो गल्लीतला सिमेंट रोडही करून देतो, फलकावर त्याचंच नाव लागतं, आणि लोकांना वाटतं रस्ता विधानसभेनं केला. त्यात लोकांचा तरी काय दोष?

एक किस्सा सांगतो. आमच्या ओळखीचे एक काका प्लास्टिकच्या पिशवीत आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), विकास शुल्काची डिमांड भरल्याची पावती आणि टॅक्स पावत्या घेऊन महापालिका आणि नासुप्र अशा दोन कार्यालयांत फिरत होते. एक म्हणे, ले-आउट आमच्याकडे हस्तांतरित नाही. दुसरं म्हणे, केव्हाचाच झालाय, हे पत्र घ्या. पत्र आम्ही नीट वाचलं. त्यात रस्ते आणि पथदिवे होते. गडर लाइनचा उल्लेखच नव्हता. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणं खरंच बोलत होते, आणि काकांच्या अंगणात पाणी तुंबलेलं होतं. 'झाला हस्तांतरित' एवढ्यावर कधी विश्वास ठेवू नका, काय काय हस्तांतरित झालं ते वाचा.

४. महापौर शहराचा प्रथम नागरिक. मग तो आयुक्ताला हलवू काऊन शकत नाही?

कारण आयुक्त त्याचा नोकर नाही. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं आणि कायद्यानं कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत. महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष, मुदत अडीच वर्षं, आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हेही राज्याच्या नगरविकास विभागाच्या सोडतीत ठरतं. पैशाच्या बाबतीत महापौरापेक्षा स्थायी समितीचा सभापती जास्त वजनदार: सोळा सदस्यांची ही समिती अंदाजपत्रक आणि मोठ्या निविदा पाहते.

एक दात मात्र सभागृहाकडे आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर राज्य सरकारला आयुक्त परत बोलवावाच लागतो. नागपुरात १५१ नगरसेवक, म्हणजे ९५ हात वर व्हायला हवेत. साध्या बहुमताचे ७६ पुरत नाहीत. २०१७ च्या सभागृहात भाजपचे १०८ होते, म्हणजे एकट्या पक्षाकडे हा आकडा होता. पण पक्ष एकच असला की महापौर आधी मुंबईला फोन लावतो. कायद्यात न लिहिलेली ही साखळी लिहिलेल्या कलमांपेक्षा जास्त चालते, असं माझं मत.

नागपुरात वेगळा प्रयोगही झालाय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई आणि नागपुरात 'मेयर इन कौन्सिल' पद्धत आली, महापौर आणि त्याचं मंडळ यांच्या हातात कारभार. ती फार टिकली नाही. तेव्हाचे आपले महापौर देवेंद्र फडणवीस आज मुख्यमंत्री आहेत. म्हणजे खुर्चीच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस वर बसलाय, पण महापौराच्या खुर्चीत अजून तेवढंच बळ आहे.

५. सभागृहानं ठराव पास केला. तो मुंबईहून रद्द कसा होतो?

१९४९ च्या महापालिका कायद्याचं कलम ४५१. ठराव कायद्याला सोडून आहे, अधिकाराबाहेरचा आहे किंवा लोकहिताच्या वा महापालिकेच्या आर्थिक हिताच्या विरुद्ध आहे असं सरकारला वाटलं, तर ते आधी ठराव निलंबित करतं, महापालिकेचं म्हणणं मागवतं आणि मग तो 'विखंडित' करू शकतं. बातमीत हा शब्द आला की समजा, ठराव संपला. अख्खी महापालिका बरखास्त करायचाही मार्ग आहे, पण आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. ही अट घटनेतलीच, त्यामुळे विधिमंडळ ती बदलू शकत नाही.

६. महापालिका असताना नासुप्र कशाला? आणि एनएमआरडीए कुठून आलं?

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं जन्मला. नवी वस्ती आखा, प्लॉट पाडा, विका, रस्ते-नाल्या करा, मग महापालिकेच्या हवाली करा, अशी मूळ कल्पना. त्याचा सभापती राज्य नेमतं. विश्वस्त मंडळात महापालिकेच्या प्रतिनिधींना जागा असते, पण लोकांनी थेट निवडलेली ही संस्था नव्हे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे शब्द नागपुरात घराघरांत पोचले: अनधिकृत ले-आउट नियमित करायचं, विकास शुल्काची डिमांड काढायची आणि आरएल लेटर द्यायचं काम नासुप्रकडे आलं.

प्रन्यास बरखास्त करायचा निर्णय झाला होता. सरकार बदललं, निर्णय फिरला. या काळात नगरसेवकांच्या सभागृहाला विचारून काही ठरलं नाही. विचारायची कायद्यानं गरजच नव्हती.

एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१७ मध्ये आलं, त्याचा कायदा २०१६ चा. त्याचा पसारा शहराबाहेरच्या गावांत. बेसा, बेलतरोडीकडे फ्लॅट घेतलेल्यांना हे चांगलं ठाऊक आहे: नकाशा प्राधिकरणाचा, कर पंचायतीचा, आणि पाण्याचा टँकर ज्याचा त्याचा. प्लॉट घेताना विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नाही, 'इथं नियोजन प्राधिकरण कोण?' हा.

७. महापालिकेकडे पैसाच नाही म्हणतात. जातो कुठं?

येतो कुठून, ते आधी पाहा. पूर्वी जकात होती, नाक्यावर रोज रोख हातात यायची. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही संपला. बदल्यात राज्याच्या २०१७ च्या भरपाई कायद्यानं महापालिकांना दरमहा रक्कम मिळते. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि दरवर्षी ८ टक्के वाढ.

रक्कम बरी असते. पण नाक्यावर वसूल होणारा पैसा आणि मुंबईहून येणारा पैसा यात फरक आहे. जकातीच्या दिवसात महापालिकेचा स्वतःचा गल्ला होता. आता स्वतःचं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नगररचनेचं शुल्क. म्हणून थकीत करासाठी तुमच्या दारावर नोटीस लागते.

८. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत टॅक्स माफ. नागपुरात काऊन नाही?

कारण मुंबईचा कायदा वेगळा (प्रश्न २). १ जानेवारी २०२२ पासूनची ती सवलत मुंबईपुरती दिली गेली. महापालिका कोणता कर कशा पद्धतीनं लावू शकते हे विधिमंडळ कायद्यानं ठरवतं. त्या चौकटीत दर सभागृह ठरवतं. सरसकट माफी हवी तर मागणी राज्याकडे करावी लागेल, आणि बुडालेलं उत्पन्न कोण भरून देणार हेही तिथंच विचारा. निवडणुकीत 'टॅक्स माफ करू' म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारा, भाऊ, तुम्ही नगरसेवकाला उभे की आमदाराला?

९. जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. हे चाललं कसं?

२०१७ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ४ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर आयुक्तच प्रशासक. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. या मधल्या काळात स्थायी समिती, सर्वसाधारण सभा आणि आयुक्त ही तिन्ही टेबलं एकाच माणसासमोर होती. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच.

घटना म्हणते पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हावी, आणि सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबाद महापालिकेच्या २००६ च्या किशनसिंग तोमर प्रकरणात हे बंधनकारक असल्याचं सांगितलं. तरी अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं, ओबीसी आरक्षण: ४ मार्च २०२१ च्या विकास गवळी निकालानं तिहेरी चाचणी लागू केली, म्हणजे आयोग नेमून मागासलेपणाची आकडेवारी, त्यावरून प्रत्येक संस्थेत किती आरक्षण ते ठरवणं, आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा. त्या प्रकरणात नागपूर जिल्हा परिषदही होती, आणि इथल्या ओबीसी सदस्यांच्या जागांवर ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली. दुसरं, प्रभागांचे बदलते नियम, ते प्रश्न १० मध्ये. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायचा आदेश दिला, आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ची अखेरची मुदत घातली.

लोक विचारतात, 'प्रशासकाच्या काळातले निर्णय रद्द होतात का?' आपोआप नाही. नवं सभागृह धोरण बदलू शकतं, पण दिलेलं कंत्राट मोडायचं तर कंत्राटाच्या अटी आणि कोर्ट आडवे येतात.

१०. प्रभाग दरवेळी बदलतो. माझा नगरसेवक शोधायचा तरी कसा?

संख्या आणि रचना दोन्ही कायद्यानं ठरतात, आणि तो कायदा सरकार बदललं की बदलतो. २०१२ ला दोन सदस्यांचा प्रभाग, २०१७ ला चार सदस्यांचा. पुढचं सरकार आधी एक सदस्यावर आलं, मग तीनवर. नागपुरात ५२ प्रभाग आणि १५६ जागांची आखणी झाली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि परत चार सदस्य, १५१ जागा. २०२६ ची निवडणूक ३८ प्रभागांत झाली: ३७ प्रभागांत चार, एकात तीन.

प्रभागरचनेचा अधिकारही मार्च २०२२ मध्ये कायदा करून राज्यानं निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतला, आणि विधिमंडळात तो एकमतानं मंजूर झाला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष इथं एका बाकावर होते, एवढं लक्षात असू द्या. व्यवहारात: चारपैकी कोणत्याही नगरसेवकाकडे जा, चौघंही तुमचेच. 'माझ्या बाजूचा भाग नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

११. आमचं गाव न विचारता शहरात घेऊ शकतात का?

हद्द वाढवायचा अधिकार राज्याचा. अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात. हुडकेश्वर आणि नरसाळा असेच २०१३ मध्ये महापालिकेत आले. हरकत लेखी आणि मुदतीत द्या. ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे, नकाराधिकार नाही.

१२. सरपंच कधी थेट निवडतात, कधी सदस्य निवडतात. नियम काय?

जे सरकार, तो नियम. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. गावच्या कारभारात मात्र एक गोष्ट शहरापेक्षा सरस आहे: ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण तुमच्या मोहल्ल्यात ती भरलेली पाहिली असेल तर आम्हाला जरूर कळवा.

१३. बाजूच्या मैदानाचं आरक्षण उठवतायत. कोण थांबवू शकतं?

विकास आराखडा महापालिका किंवा प्राधिकरण तयार करतं, मंजूर राज्य करतं. कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. आरक्षण बदलायचं तर कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते, हरकतींना एक महिना मिळतो, प्रस्ताव राज्याकडे जातो. महापालिकेनं टाळाटाळ केली तर राज्य स्वतःही सूचना काढू शकतं. ही सूचना वर्तमानपत्रात पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपैकी एकाला तरी ती वाचायची सवय लावा. हरकत सर्व्हे नंबर टाकून, प्रत्येकानं वेगळी द्यावी.

१४. हिवाळी अधिवेशन इथंच होतं. त्यात आपल्या नालीचं काही होतं का?

अधिवेशन २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातून आलं. त्यानं नागपूर महापालिकेचा एकही अधिकार वाढत नाही. पण आमदार तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावू शकतो आणि नगरविकास खात्याच्या मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी त्याच्या हातात तुमचा तक्रार क्रमांक आणि तारीख हवी. यशवंत स्टेडियमवरून निघून टेकडी रोडवर अडवल्या जाणाऱ्या मोर्च्यातलं निवेदन मंत्र्यापर्यंत पोचतं, पण तक्रार क्रमांकाशिवाय ते फाइलमध्ये गुडूप होतं.

१५. नगरसेवक एकाच वेळी आमदार असू शकतो का? आणि नगरसेवकांचं विधिमंडळात काही चालतं का?

महाराष्ट्रात दोन्ही पदं एकत्र असलेली उदाहरणं आहेत. दुसरा प्रश्न जास्त मजेचा. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतून भरतात. नागपूरचीही एक आहे आणि तिथं मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य वगैरे मंडळी. स्थानिक संस्थांना राज्याच्या सभागृहात नेऊन बसवणारी ही एकच अधिकृत वाट. तिथून गेलेला आमदार स्थानिक संस्थांच्या अधिकारांसाठी किती बोलतो, हे कामकाजाच्या नोंदीत पाहता येतं.

१६. पोलीस, वीज, बस?

पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, वीज महावितरणची. शहरातली 'आपली बस' महापालिकेची.

१७. सप्टेंबर २०२३ च्या पुराला जबाबदार कोण?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. यात दोष कोणाचा हे आम्ही ठरवणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका झाली. पण यादी पाहा: तलाव, सांडवा, नदीचं पात्र, वरचे पूल, बांधकाम परवाने. यातलं एकेक टोक वेगळ्या खात्याकडे किंवा संस्थेकडे आहे आणि बरीचशी टोकं राज्याच्या नेमणुकीनं चालतात. एवढ्या सगळ्यांना एका टेबलावर बसवण्याची ताकद महापौराकडे नाही. म्हणून लोक कोर्टात जातात.

१८. रस्ता नेमका कोणाचा तेच कळत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर?

जाऊ द्या. माहितीच्या अधिकारात कलम ६(३) आहे: माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचंच काम. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच: 'अमुक चौक ते तमुक चौक हा रस्ता कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहे, हस्तांतरण पत्राची प्रत द्यावी.'  पोच घेताना शिक्क्यावर तारीख उमटली का ते तिथंच पाहा, शाई बहुतेक वेळा सुकलेली असते.